चेक बाउन्सच्या अपिलात २० टक्के भरण्याचा आदेश : हायकोर्टात दाद कशी मागायची

१३८च्या केसमध्ये, म्हणजे धनादेश न वटल्याच्या खटल्यात, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे शिक्षा झाली की आरोपी सत्र न्यायालयात अपील करतो आणि शिक्षेला स्थगिती मागतो. स्थगिती सहसा मिळते. मात्र आदेशाच्या शेवटी एक अट असते : अपिलार्थीने नुकसानभरपाईच्या २० टक्के रक्कम ६० दिवसांत न्यायालयात जमा करावी. स्थगिती मिळाल्याच्या आनंदात ही ओळ वाचायची राहून जाते. साठ दिवस उलटले की फिर्यादीचे वकील अर्ज देतात, स्थगिती उठते, वॉरंट निघते आणि मग धावपळ सुरू होते. तोवर हायकोर्टात सांगण्यासारखे बरेच काही हातातून गेलेले असते.

या अटीला आव्हान देता येते आणि योग्य प्रकरणात ती रद्दही होते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी नीट समजल्या पाहिजेत. एक, हायकोर्टात अर्ज दाखल केल्याने ६० दिवसांचे घड्याळ थांबत नाही. दोन, पैसे भरता येत नाहीत हे सांगून भागत नाही, ते कागदावर दाखवावे लागते, आणि तेही शक्यतो सत्र न्यायालयातच.

कायदा नेमका काय म्हणतो

परक्राम्य संलेख अधिनियमात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १४८ हे २०१८च्या दुरुस्तीने आले आणि १ सप्टेंबर २०१८पासून लागू झाले. वर्षानुवर्षे अपील रेंगाळत ठेवून फिर्यादीचे पैसे अडकवण्याच्या सवयीला आळा घालणे हा त्याचा हेतू. धनादेश देणाऱ्याने शिक्षेविरुद्ध अपील केले तर अपील न्यायालय त्याला दंडाच्या किंवा नुकसानभरपाईच्या किमान २० टक्के रक्कम जमा करण्याचा आदेश देऊ शकते. मुदत ६० दिवस. पुरेसे कारण दाखवल्यास आणखी जास्तीत जास्त ३० दिवस. खटला चालू असताना कलम १४३-अ खाली अंतरिम भरपाई भरली असेल, तर ही रक्कम तिच्याव्यतिरिक्त भरायची असते.

कलमात शब्द 'देऊ शकते' असा आहे. सुप्रीम कोर्टाने २९ मे २०१९ रोजी सुरिंदर सिंग देसवाल विरुद्ध वीरेंदर गांधी या निकालात म्हटले की हा शब्द सर्वसाधारणपणे 'दिलाच पाहिजे' असा वाचावा. जमा करायला न सांगणे हा अपवाद आणि त्यासाठी खास कारणे नोंदवावी लागतील. १ सप्टेंबर २०१८च्या आधी दाखल झालेल्या फिर्यादींतील अपिलांनाही कलम लागू होते, हेही त्याच निकालात ठरले. त्यानंतर अनेक सत्र न्यायालयांत २० टक्के ही जवळजवळ छापील अट झाली.

४ सप्टेंबर २०२३ रोजी जंबू भंडारी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य औद्योगिक विकास महामंडळ हा निकाल आला आणि अपवादाची वाट स्पष्ट झाली. अट घालणे हा सर्वसाधारण नियम. पण ती अन्यायकारक ठरत असेल किंवा तिच्यामुळे अपिलाचा हक्कच हिरावला जात असेल, तर कारणे नोंदवून सूट देता येते. यातला सर्वांत उपयोगी भाग पुढचा आहे. आरोपी स्थगिती मागतो तेव्हा सहसा बिनशर्त स्थगितीच मागत असतो, म्हणून प्रकरण अपवादात बसते का याचा विचार अपील न्यायालयाने करायलाच हवा. डिसेंबर २०२४मध्ये मुस्कान एंटरप्रायझेस विरुद्ध पंजाब राज्य या निकालाने आणखी एक पाऊल टाकले. खालचा निकाल वरवर पाहताच इतका चुकीचा दिसत असेल की तो रद्द होणे फक्त वेळेचा प्रश्न आहे, तर अशा ठिकाणी जमा करायला लावणे अवाजवी ओझे ठरू शकते. हे तीन निकाल एकत्र वाचल्याशिवाय अर्जाचा मसुदा करू नये. फक्त देसवाल वाचला तर लढाई आधीच हरल्यासारखी वाटते आणि फक्त जंबू भंडारी वाचला तर ती फार सोपी वाटते.

आदेश हातात घ्या आणि ओळ न् ओळ तपासा

पहिले काम नक्कल विभागात अर्ज देणे. प्रमाणित नक्कल येईपर्यंत ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून आदेश उतरवून घ्या आणि वाचायला बसा.

टक्केवारी कशावर काढली आहे ते आधी पाहा. कलमात 'दंड किंवा नुकसानभरपाई' असे आहे. धनादेशाची रक्कम नव्हे, व्याजासह मागणीही नव्हे. समजा धनादेश ६ लाखांचा होता आणि खालच्या कोर्टाने ९ लाखांची भरपाई दिली, तर २० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. काही निकालांत ९ लाख दंड ठोठावून त्यातूनच भरपाई द्यायला सांगितलेले असते. तिथे दंड आणि भरपाई अशी दोनदा बेरीज होत नाही, पण घाईत तशी झालेली आढळते. १४३-अ खाली आधी १ लाख २० हजार भरले असतील, तर ते या २० टक्क्यांतून वजा मागता येत नाहीत. मात्र त्याच कलमाप्रमाणे अंतरिम भरपाई मूळ भरपाईतून वजा व्हायला हवी. ती वजावट निकालपत्रात झाली आहे का ते तपासा. झाली नसेल, तर ९ लाखांऐवजी ७ लाख ८० हजारांवर २० टक्के, म्हणजे १ लाख ५६ हजार, असा मुद्दा मांडता येतो.

मग अट कोणावर घातली आहे ते पाहा. कलम 'धनादेश देणाऱ्या'च्या अपिलाबद्दल बोलते. धनादेश कंपनीच्या खात्याचा असेल तर देणारी कंपनी असते, सही करणारा संचालक नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये लायका लॅब्सच्या प्रकरणात हे सांगितले. पुढे जुलै २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने श्री गुरुदत्त शुगर्स मार्केटिंग विरुद्ध पृथ्वीराज सयाजीराव देशमुख या प्रकरणात १४३-अ संदर्भात तोच अर्थ कायम केला. संचालकाच्या वैयक्तिक अपिलात २० टक्क्यांची अट आली असेल, तर हा सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकतो. स्वतःच्या बचत खात्याचा धनादेश दिलेल्याला त्याचा काही उपयोग नाही.

त्यानंतर मुदत. कलम ६० दिवस देते. आदेशात ३० किंवा १५ दिवस असतील तर ते नोंदवा. शेवटी कारणे. सूट देता येईल का, याचा विचार केल्याचे एखादे वाक्य तरी आदेशात आहे का? 'कलम १४८ बंधनकारक असल्याने' एवढेच लिहून अट घातली असेल, तर जंबू भंडारीच्या कसोटीवर आदेश कच्चा आहे.

आणखी एक. स्थगितीच्या आदेशात पी. आर. बॉण्ड (आरोपीचा वैयक्तिक जातमुचलका) आणि जामीनदाराची अट वेगळी असते आणि २० टक्क्यांची वेगळी. आव्हान फक्त दुसरीला द्यायचे आहे. बॉण्ड व जामीनदार मुदतीत देऊन टाका. सगळाच आदेश आव्हानात आहे असे समजून बॉण्ड अडवून धरला, तर स्थगितीच अमलात येत नाही.

दिवसांचा हिशेब

हायकोर्टात जाण्याला या बाबतीत ठरावीक कालमर्यादा नाही, म्हणून लोक निवांत राहतात. खरी मर्यादा ६०व्या दिवसाची आहे. पहिल्या तीन दिवसांत नकलेचा अर्ज, दहाव्या दिवसापर्यंत कागदपत्रे गोळा, पंधराव्यापर्यंत दाखल, असे धरून चाला. रजिस्ट्री, म्हणजे हायकोर्टाचे कार्यालय, हरकती काढते : पाने अस्पष्ट, भाषांतर नाही, अनुक्रम चुकला, वकालतनाम्यावर सही नाही. त्या दूर करण्यात आठवडा-दहा दिवस सहज जातात. मग प्रेसिपी (सुनावणीची तारीख मागणारी छोटी लेखी विनंती) देऊन सर्क्युलेशन घ्यायचे, म्हणजे प्रकरण बोर्डावर येते. प्रेसिपीत निकड एका वाक्यात लिहा : अमुक तारखेला मुदत संपते आणि त्यानंतर अटक होऊ शकते.

हायकोर्टातली तारीख ६०व्या दिवसाच्या पुढे जात असेल, तर सत्र न्यायालयात मुदतवाढीचा अर्ज द्याच, आणि तोही मुदत संपण्याआधी. साधारण ४५व्या दिवशी दिला तर न्यायाधीशांना फिर्यादीचे म्हणणे घेऊन आदेश करायला वेळ मिळतो. 'पुरेसे कारण' म्हणून हायकोर्टातल्या अर्जाचा दाखल क्रमांक आणि त्याची प्रत जोडा. या अर्जाने हायकोर्टातला मुद्दा कमजोर होत नाही. अर्जात 'हायकोर्टातील हक्कांना बाधा न येता' असे स्पष्ट लिहा. पण हे ३० दिवस म्हणजे कलमातली शेवटची सीमा आहे. त्यापुढे सत्र न्यायालयाकडे वाढ मागायला कलमात आधार नाही.

सत्र न्यायालयाकडेच परत जावे का

स्थगितीच्या मूळ अर्जात आर्थिक अडचणीबद्दल एक शब्दही नसेल, तर कागदपत्रांसह अटीचा फेरविचार करण्याचा अर्ज तिथे देणे शहाणपणाचे असते. न्यायाधीश 'माझाच आदेश मी बदलू शकत नाही' म्हणतील ही शक्यता आहे. तसे झाले तरी तो नकार आणि जोडलेले कागद आता रेकॉर्डवर आले. हायकोर्टात पहिला प्रश्न हमखास येतो : हे खाली सांगितले होते का? त्याला उत्तर मिळते. मात्र या अर्जात दिवस वाया घालवू नका. आठवड्याभरात निर्णय होत नसेल, तर वरचा मार्ग सोबतच सुरू करा.

कोणत्या कलमाखाली जायचे

रिव्हिजन, म्हणजे खालच्या आदेशाची वरच्या कोर्टाकडून फेरतपासणी, हा पहिला मोह असतो. पण अंतरिम आदेशांविरुद्ध रिव्हिजन चालत नाही, अशी मनाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९७(२)मध्ये होती आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८(२)मध्ये ती कायम आहे. २० टक्क्यांचा आदेश अंतिम नसला तरी पूर्णपणे अंतरिमही नाही, तो मधला आहे, असा युक्तिवाद करता येतो. त्याचा पाया १९७७च्या मधु लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात आहे. पण दिवस मोजत असताना अर्ज चालण्यायोग्य आहे की नाही या वादात पडणे परवडत नाही.

सरळ रस्ता दुहेरी आहे : हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराखाली, म्हणजे नव्या संहितेच्या कलम ५२८ (जुने ४८२) खाली, क्रिमिनल अर्ज, किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७खाली क्रिमिनल रिट पिटिशन. अपील १ जुलै २०२४पूर्वीपासून प्रलंबित असेल तर जुन्या संहितेचा उल्लेख करावा लागतो, नंतरचे असेल तर नव्या. शंका असेल तर दोन्ही कलमे लिहा. चुकीचा क्रमांक टाकल्यामुळे हक्क जात नाही, पण हरकत निघते आणि दिवस जातात. स्थगितीची तरतूद जुन्या संहितेत ३८९, नव्या संहितेत ४३०.

कोणत्या खंडपीठात जायचे हे जिल्ह्यावर ठरते. विदर्भ नागपूरला. मराठवाडा, अहिल्यानगर आणि खानदेशातील जळगाव, धुळे, नंदुरबार छत्रपती संभाजीनगरला. गोवा पर्वरीला. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची एक रात्र आणि बराच खर्च त्यामुळे वाचतो.

प्रतिवादी दोन : महाराष्ट्र किंवा गोवा राज्य आणि मूळ फिर्यादी. फिर्यादीला वगळून फक्त राज्याला पक्षकार करणे ही मोठी चूक. पैसा फिर्यादीचा आहे. त्याला ऐकल्याशिवाय अट उठत नाही. नोटीस निघाली की हमदस्त, म्हणजे ती हातोहात पोहोचवण्याची परवानगी, मागून घ्या आणि स्वतः बजावून सेवेचे शपथपत्र लावा, नाहीतर पुढची तारीख नोटीस परत आली नाही म्हणून जाते.

कागदपत्रे

आव्हानाखालील आदेशाची प्रमाणित नक्कल, खालच्या कोर्टाचे निकालपत्र, अपिलाचा मेमो, स्थगितीचा अर्ज आणि त्यावर फिर्यादीचे म्हणणे, सत्र न्यायालयातील रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), १४३-अ खाली किंवा तडजोडीत भरलेल्या रकमांच्या पावत्या. तारखांची यादी आणि सारांश पुढे लावा. न्यायमूर्ती सर्वांत आधी तेच वाचतात. हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते, म्हणून मराठी निकालपत्र किंवा अर्ज असेल तर भाषांतर लावावे लागते. चाळीस पानांचे निकालपत्र भाषांतरित व्हायला आठवडा जातो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी सुरू करा.

आर्थिक स्थितीचे शपथपत्र हा या सगळ्याचा कणा आहे. तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, सर्व बँक खात्यांचे किमान वर्षभराचे उतारे, कर्जांची थकबाकी, बँकेची जप्तीची किंवा सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जाच्या वसुलीची) नोटीस असेल तर ती, पगाराची चिठ्ठी, शेती असेल तर सातबारा आणि त्यावरचा बोजा, दवाखान्याची बिले. मालमत्ता लपवू नका. फिर्यादी बहुतेक वेळा जुना व्यावसायिक भागीदार, नातेवाईक किंवा पतसंस्था असतो. त्याला तुमची जमीन, गाडी, दुकान सगळे माहीत असते. त्याने एक लपवलेला सातबारा दाखवला की बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो. मालमत्ता आहे पण रोख नाही, किंवा ती आधीच गहाण आहे, असे असेल तर तसेच लिहा.

एकाच व्यवहारातल्या अनेक धनादेशांवर वेगवेगळे खटले आणि अपिले असतील, तर प्रत्येकात स्वतंत्र २० टक्के लागतात. अशा वेळी सर्व अपिलांचा एकत्र तक्ता लावा. एकेका अपिलात ८० हजार किरकोळ दिसतात. सात अपिलांत ते ५ लाख ६० हजार होतात, आणि अपिलाचा हक्क कसा हिरावला जातो हे तेव्हाच डोळ्यांना दिसते. प्रत्येक आदेशाला वेगळे आव्हान लागते हे मात्र विसरू नका.

मुद्दे कसे मांडावेत, काय मागावे

आदेशात कारणेच नाहीत हा पहिला मुद्दा. अपिलार्थी धनादेश देणारा नाही, हिशेब चुकला, मुदत कलमापेक्षा कमी दिली, २०पेक्षा जास्त टक्के लावले पण का ते लिहिले नाही, हे त्यानंतर, जे लागू असतील तेवढेच. कलमात २० ही किमान मर्यादा आहे, म्हणून ३० टक्के लावणे बेकायदेशीर नाही. पण वाढीव ओझ्याला कारण हवे, हा मुद्दा बरोबर आहे.

मूळ निकाल चुकीचा आहे हे सांगायचे असेल तर फक्त वर तरंगणारी चूक सांगा : धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली नव्हती, फिर्याद मुदतीबाहेर होती आणि विलंब माफ झाला नव्हता, नोटीस भलत्याच पत्त्यावर गेली. साक्षीपुराव्याची उलटतपासणी हायकोर्टात वाचायला घेतली की 'हे अपिलात सांगा' असे ऐकावे लागते, आणि ते रास्तच आहे. वय झाले आहे, फिर्यादी श्रीमंत आहे, धनादेश फक्त तारण म्हणून दिला होता, या गोष्टी या टप्प्यावर काम करत नाहीत.

मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. मुख्य मागणी : २० टक्क्यांची अट रद्द करावी. पर्यायी : आदेश बाजूला ठेवून अपवादाच्या मुद्द्यावर नव्याने निर्णय घेण्यासाठी प्रकरण सत्र न्यायालयाकडे परत पाठवावे. कारणे नसलेल्या आदेशात ही मागणी मान्य होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून ती विसरू नका. आणखी पर्यायी : हप्ते किंवा वाढीव मुदत द्यावी. अंतरिम मागणी : अर्जाचा निकाल लागेपर्यंत अटीला स्थगिती आणि सक्तीची कारवाई नको. ही अंतरिम मागणी मसुद्यात नसेल, तर पहिल्या तारखेला फक्त नोटीस निघते आणि घड्याळ चालूच राहते.

सत्र न्यायालयाकडे '२०ऐवजी १० टक्के करा' अशी मागणी करणे कायद्याच्या शब्दांत बसत नाही. कलम किमान २० म्हणते; अपवाद असेल तर सूट, नसेल तर किमान २०. हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराचा पल्ला मोठा आहे, म्हणून कमी रकमेचा प्रस्ताव तिथेच ठेवावा.

सुनावणीत न्यायमूर्ती बहुधा एक प्रश्न विचारतात : किती भरता? वकिलाने मागे वळून पक्षकाराकडे पाहायची वेळ येऊ नये. आकडा आणि तारीख आधी ठरवून, लेखी सूचना देऊन ठेवा. खरोखर जमेल तेवढाच आकडा सांगा. हायकोर्टात दिलेली हमी मोडली तर सत्र न्यायालयातली स्थगिती जाते आणि पुन्हा दार ठोठावायला तोंड राहत नाही.

आदेशानंतर

अट उठली किंवा प्रकरण परत गेले, तर आदेशाची प्रत पुढच्याच तारखेला सत्र न्यायालयात पर्सिससह (छोट्या लेखी निवेदनासह) दाखल करा. परत गेलेल्या प्रकरणात सविस्तर नवा अर्ज आणि आर्थिक शपथपत्र द्या. जुन्याच अर्जावर युक्तिवाद केला तर तोच आदेश कारणांसह पुन्हा येतो, आणि त्याला हरवणे फार अवघड असते.

हायकोर्टाने नकार दिला तर अनुच्छेद १३६खाली सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका, ९० दिवसांत. पण त्या ९० दिवसांत सत्र न्यायालय थांबत नाही. लहान रकमेसाठी दिल्लीचा खर्च २० टक्क्यांहून जास्त होतो. तिथे पैसे भरून अपील लवकर चालवण्याची विनंती करणेच हिताचे.

रक्कम भरायची ठरली तर नाझराकडे (न्यायालयात रकमा स्वीकारणारा कर्मचारी) चलनाने भरा, पावती जपा आणि ती राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याची विनंती करा. फिर्यादी ती काढून घ्यायला अर्ज करू शकतो आणि न्यायालय अपील चालू असतानाही परवानगी देऊ शकते. पुढे निर्दोष सुटलात तर फिर्यादीने ती रिझर्व्ह बँकेच्या दराने व्याजासह ६० दिवसांत परत करायची असते, जास्तीत जास्त आणखी ३० दिवसांची वाढ मिळते. म्हणून रक्कम काढण्याच्या अर्जाला नुसता विरोध करत बसण्यापेक्षा, फिर्यादीकडून परतफेडीची लेखी हमी किंवा तारण घेण्याची मागणी करा.

मुदत आधीच उलटली असेल तर? अट मोडली की स्थगिती संपते, हे देसवालच्याच दुसऱ्या निकालात, ८ जानेवारी २०२० रोजी, सुप्रीम कोर्टाने मान्य केले. पण रक्कम भरली नाही म्हणून अपीलच फेटाळावे असे कलम १४८ कुठेही म्हणत नाही. अपील त्या कारणाने निकाली काढले गेले असेल, तर तो स्वतंत्र आणि बळकट मुद्दा आहे. वॉरंट निघाले असेल तर लपून राहू नका; हायकोर्टातल्या अर्जात वॉरंटची प्रत लावा, उशिराचे खरे कारण लिहा आणि काही रक्कम सोबत घेऊनच पहिल्या तारखेला उभे राहा.